दुसरं कडवं

देवगाव रंगारी,
जि. छत्रपती संभाजीनगर

चि. विशाखास,
आजोबांचा सप्रेम जय भीम.

हे पत्र कुठं टाकू, बाळा? तुझा पत्ताच नाही.

सुरतेत शिवणकामाची नोकरी लावतो म्हणत तो माणूस आपल्या घरी आला, तेव्हा तुझी आई दारातून म्हणाली होती, "मामंजी, पत्ता इचारा की त्याला." मी हसलो. त्याला माझ्या चौथीच्या पुस्तकातली कविता येत होती. मी पत्ता सोडून दुसरं कडवं विचारलं. त्यानं ते डोळे मिटून, सुरात म्हटलं. मी सुनेला म्हणालो, "कविता पाठ असलेला माणूस खोटं बोलत नसतो."

तू त्याच्याबरोबर गेलीस, आणि तुझा फोन लागेनासा झाला. पोलिसांनीही पत्ताच विचारला.

परवा शेजारच्या रूपाला कामाला न्यायला एक गोडबोली बाई आली. मी मालकाचं नाव विचारलं, पत्ता विचारला. "म्हातारा लई चौकशा करतो," ती म्हणाली. "व्हय, करतो," म्हणत मी पोलिसांना फोन लावला, तशी ती चपला घालून पळाली. रूपा घरीच आहे.

गल्लीनं माझं कौतुक केलं. तुझी आई चहाचा कप ठेवत एवढंच म्हणाली, "आता इचारता आलं व्हय, मामंजी?"

तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेला,
साहेबराव आजोबा