खाट क्रमांक चारचे हात

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
मुख्य रुग्णालय.

विषय : आपणांस एक तास खाटेला बांधण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) नळ्या उपसणाऱ्या रुग्णांचे हात बांधण्याविषयीचे आपले परिपत्रक. २) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज (अनुत्तरित).

महोदय,

मानवी देहाची प्रतिष्ठा सर्वोच्च आहे, असे आपल्या प्रवेशद्वारावर हातभर अक्षरांत कोरलेले आहे. त्याखालीच ‘चपला रांगेत ठेवाव्यात’ अशी पाटी आहे. पाळली जाते ती एवढीच.

१. अर्जदार अतिदक्षता विभागात एकोणीस वर्षे परिचारिका आहे. खाट क्रमांक चारवर घड्याळे दुरुस्त करणारे एक आजोबा आहेत. तापाच्या भरात त्यांनी नाकातली अन्नाची नळी दोनदा उपसली, म्हणून परिपत्रकानुसार अर्जदाराने त्यांची दोन्ही मनगटे खाटेला बांधली. ताप उतरून आज नववा दिवस. आजोबा इतके शुद्धीत आहेत, की विभागातले घड्याळ चार मिनिटे मागे असल्याचे त्यांनीच पडल्यापडल्या सांगितले. घड्याळ दुरुस्त झाले. हात बांधलेलेच आहेत.

२. कारण परिपत्रकात बांधावे कधी हे आहे, सोडावे कोणी हे नाही. डॉक्टर म्हणतात, “सिस्टर, साहेबांची सही आणा, मी कशाला मधे पडू?” मेट्रन म्हणतात, “अगं, गाठ मारणं तुझं काम. डोकं चालवायला वर माणसं आहेत.” वरची माणसे, म्हणजे आपण, बैठकीत असता. आजोबा रोज विचारतात, “ताई, मी काय चोरी केली गं?” याचे उत्तर कोणत्या रकान्यात भरावे, तेही कळवावे.

३. अर्जदाराचा स्वतःवरही राग आहे, पण तो सावकाश बघता येईल. आधी आपला नंबर. खाट पाच रिकामी आहे. उद्या अकरा ते बारा आपण तिच्यावर पडावे. गाठी अर्जदार जातीने मारेल. तिची गाठ आजवर कोणाला सुटलेली नाही. विभागात माशी नसल्याने एक उपाहारगृहातून मागवून आपल्या नाकावर सोडण्यात येईल. दोन डॉक्टर आपल्या पोटावर फाईल ठेवून मेव्हणीच्या लग्नाचे बोलतील. आपण ‘सोडा’ म्हणालात तर वॉर्डातल्या मावशी गाल थोपटून “शहाणं बाळ ते!” म्हणतील आणि नोंदीत ‘रुग्ण चिडचिडा’ असे लिहिले जाईल. फारच आरडाओरडा केल्यास अर्जदार आपले म्हणणे शांतपणे ऐकून घेईल व लेखी अर्ज मागेल. तीन प्रतींत.

४. बारा वाजता आपणांस सोडावे कोणी, हे मात्र परिपत्रकात पाहावे लागेल.

आपली आज्ञाधारक (एकोणीस वर्षे, कालपर्यंत),
परिचारिका, अतिदक्षता विभाग.
दिनांक : १७

सोबत : बांधण्याच्या पट्ट्या, एक जोडी.

ता.क. : उद्या सवड नसल्यास हरकत नाही. आजोबांच्या पत्नी रोज चारला येतात आणि दहा मिनिटे खाटेच्या कठड्यातून हात घालून त्यांची बोटे धरून उभ्या राहतात. तेवढी दहा मिनिटे आजोबांचा उजवा हात सोडू द्यावा. अर्जदार शेजारीच उभी राहील. सही या ओळीखाली केली तरी चालेल.