नॉर्वेला कुणी विचारलं?

धुळे,
नागपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय सुलक्षणा,

पत्र बघून दचकू नकोस, माझं सगळं ठीक आहे. फोन केला की प्रेमराजभाऊजी उचलतात आणि माझा आवाज ऐकून मुकाट्याने ठेवून देतात. पोस्टमन दुपारी येतो, तेव्हा ते दुकानावर असतील, म्हणून हा टपालाचा उद्योग.

ज्ञानेश्वरकडे स्वीडनला, माल्मोला राहून मी मेमध्ये परत आले. लेक सकाळी कामावर गेला की मी आणि खिडकी. खिडकीतून समुद्र दिसायचा, पलीकडे डेन्मार्क. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पण हे देश माझ्या लेखी नकाशाच्या वरच्या कोपऱ्यातले. तिथे कळलं, माल्मो एके काळी डेन्मार्कचंच. साडेतीनशे वर्षांपूर्वी हिवाळ्यात समुद्र गोठला, स्वीडनची फौज बर्फावरून चालत गेली आणि तहात हा मुलूख घेऊन आली. आता मधे मोठा पूल आहे. माणसं इकडे राहतात, तिकडे नोकरीला जातात.

त्याच्याही आधी एका राणीने डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन तिन्ही राज्यं एका छत्राखाली आणली होती. मला आपल्या सासूबाईच आठवल्या. त्या होत्या तोवर सगळे एका चुलीवर जेवत होते, एकमेकांकडे डोळे वटारत का होईना. पुढे स्वीडन भांडून वेगळा झाला, नॉर्वे डेन्मार्ककडेच राहिला. मग डेन्मार्क एका युद्धात हरला आणि तहात नॉर्वे स्वीडनला देऊन मोकळा झाला. नॉर्वेला कुणी विचारलं? हे वाचताना मला तूच दिसलीस बघ. आपल्या कुळाच्या कानबाई देवीचा नारळ कुणाच्या देवघरात राहायचा यावरून दोघे भाऊ भर ओट्यावर एकमेकांच्या अंगावर धावून गेले आणि दुसऱ्या दिवशी तुला सामानाबरोबर टेम्पोत बसवून जळगावला नेलं. तुला कुणी विचारलं नाही, मलाही नाही. वर्षानुवर्षं एका पाट्यावर पुरण वाटणाऱ्या आपण दोघी जावा, आणि तहात आपलं नावसुद्धा नाही!

माल्मोला शेजारी इंग्रिड नावाची म्हातारी होती. मोडक्या इंग्रजीत आमचं छान जमलं. तिचा आजा स्वीडनचा शिपाई, आजी नॉर्वेची. एकोणीसशे पाचमध्ये नॉर्वेने वेगळं व्हायचं ठरवलं तेव्हा सीमेवर दोन्हीकडे फौजा उभ्या राहिल्या. आजा अलीकडे, त्याचे मेहुणे पलीकडे. आजीने म्हणे पंधरवडाभर नीट अन्न घेतलं नाही. पण गोळी सुटली नाही. मोठी माणसं टेबलाशी बसली, सीमेवरचे किल्ले पाडायचं ठरलं आणि वाटणी झाली. त्या नाताळला आजा सासुरवाडीला जाऊन जेवून आला. मी इंग्रिडला सांगितलं, त्याच्या पुढच्याच वर्षी आमच्या खानदेशाचेही पूर्व-पश्चिम दोन जिल्हे झाले, पण धुळ्याच्या मुली जळगावला द्यायचं कुणी थांबवलं नाही. ती खूप हसली. मला मात्र मेलं रडूच आलं.

इथे घर फार मोठं वाटतं गं. हे गेले त्याला वर्ष झालं. भाऊजी स्मशानात आले, खांदा दिला आणि घोटभर पाणीही न पिता परत गेले. तुला आणलंच नाही. माझ्या गळ्यात पडून रडायला नात्यातल्या बायका पुष्कळ होत्या, तू नव्हतीस. त्याचा मला अजून राग आहे. तुझ्यावर नाही.

आता मूळ गोष्ट. येत्या रविवारी कानबाई बसेल. परवा तिच्या नैवेद्याच्या रोटांचे, त्या जाड पोळ्यांचे, गहू काढायला बसले. माणसागणिक सव्वा मूठ. माझ्या घरात नावं दोनच, मी आणि परदेशातला ज्ञानेश्वर. पण सवयीने हात थांबलाच नाही. भाऊजी, तू, तुझी दोन्ही मुलं, सगळ्यांच्या नावाने मुठी पडल्या आणि सूप भरल्यावर मी भानावर आले. देवीच्या नावाने काढलेले गहू परत कोठीत टाकता येत नाहीत. शेजारची झुंबरबाई दळून आणते म्हणाली, पण तिला खायला घालता येणार नाही. सासूबाईंचा धाक आठवतो ना, "रोट घरना घरमाच सराले जोयजेत." घरातल्यांनीच संपवायचे, तेही पौर्णिमेच्या आत. भाऊजींना सांग, नारळ मी स्वतः त्यांच्या ओंजळीत देते, पुढच्या वर्षीपासून कानबाई जळगावला बसू दे. ह्यांचा हट्ट ह्यांच्याबरोबर गेला, मी त्याची राखण करणार नाही. यंदा तेवढे सगळे इथे या. एवढे रोट माझ्या एकटीच्याने संपायचे नाहीत, आणि खरं सांगू, आता एकटीने राहवतही नाही. तुम्हा चौघांच्या नावाचं पीठ दळून ठेवलं आहे.

तुझीच, वाटणीनंतरही तुझीच,
कोकिळाअक्का