वेदीपर्यंत

प्रिय पोरी,

काल तुझा फोन आला तेव्हा मी धड बोलले नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस. समोर माणूस दिसलं नाही की माझे शब्द घशातच अडकतात, हे तुला माहीत आहे. म्हणून आज सकाळची कामं आटोपली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसले. बाबांची खुर्ची अजून भिंतीशी तशीच आहे. शेजारीण म्हणाली, ती हलवा आता, येता-जाता डोळ्यांत पाणी येतं तुमच्या. मी म्हटलं, खुर्ची हलवली तर मी रडायला बसू कुठे?

माणसं अजून भेटायला येतात. फादर येऊन गेले. माजी सैनिकांच्या संघटनेचे दोघे म्हातारे जिना चढून आले, धापा टाकत बसले आणि बाबांच्या शौर्याबद्दल बराच वेळ बोलले. चर्चमधल्या बायका म्हणतात, असा भाविक माणूस परत होणे नाही. सगळं खरंच आहे, पण ऐकता ऐकता मला वाटायला लागतं की ही मंडळी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत. हा माणूस पत्ते खेळताना लबाडी करायचा, शनिवारी फादरांपुढे गुडघे टेकून त्याची कबुली द्यायचा आणि रविवारी मिस्सा आटोपून घरी आला की परत पानं लपवायचा, हे कुणी बोलत नाही. ते तुला आणि मलाच ठाऊक. म्हणून तुझ्याशीच बोलावंसं वाटतं.

तुझी आणि त्यांची पहिली भेट आठवते का गं? मला ती ह्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकायला मिळाली की मीच तिथे होते असं वाटतं. लष्करातून निवृत्त होऊन ते हॉस्पिटलच्या बॉयलरवर लागले होते. तू नवी नर्स. वॉर्डात गरम पाणी येईना म्हणून तू तणतणत तळघरात उतरलीस आणि ह्यांच्या पाठीमागे उभी राहून चांगली झाडाझडती घेतलीस. नेमकी डाव्या बाजूला उभी राहिलीस. तो कान लढाईत गेलेला. ह्यांना एक अक्षर ऐकू आलं नाही. वळून बघतात तर लालबुंद चेहऱ्याची एक मुलगी. म्हणाले, बाई, माफ करा, या कानाने ऐकू येत नाही, पुन्हा पहिल्यापासून सांगाल का? आणि तू खरंच पहिल्यापासून सांगितलंस, तेवढ्याच रागाने. घरी येऊन अंगावरचे तेलकट कपडे न काढता आपल्या बाळ्याला म्हणाले, एक मुलगी बघून आलोय, भांडते छान. बाळ्या लाजला आणि दुसऱ्या दिवशी वडिलांचा डबा पोचवायचं निमित्त करून हॉस्पिटलात गेला. त्याआधी त्याने कधी डबा पोचवला नव्हता. पुढे तू या घरची सून झालीस.

तो कान कसा गेला ते मात्र ते कुणाला सांगत नसत. मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सांगितलं. त्यांची तुकडी पूल बांधणारी. नदीत छातीभर पाण्यात उभं राहून तराफे धरून ठेवायचे, वरून फळ्या टाकल्या जायच्या. पाणी इतकं गार की पायाला आधार आहे की नाही तेही कळेना. शेजारी त्यांचा दोस्त, त्याला सगळे लंबू म्हणायचे. ह्यांचा पाय घसरला की लंबू दंडाला धरून उभं करायचा. गोळा पडला तो लंबूच्या बाजूला. ह्यांचा कान गेला, लंबू गेला. पूल मात्र झाला, आणि त्यावरून पुढची सगळी पलटण गेली.

लंबूच्या बायकोकडे आम्ही दरवर्षी जायचो. लंबू गेला तेव्हा लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तिचं. एका खोलीत राहायची. नवऱ्याचे बूट पॉलिश करून दाराशी ठेवलेले. सगळी गल्ली तिच्याबद्दल आदराने बोलायची, काय निष्ठा, काय बाई. ती म्हातारी झाली, बुटांचं चामडं तडकलं, तरी पॉलिश चालूच. एका वर्षी परत येताना बसमध्ये हे तिकिटाच्या घड्या घालत बसले होते. मग म्हणाले, सगळे तिच्या पाया पडतात, पण तिच्या टेबलाला खुर्ची एकच आहे, ती कुणाला दिसत नाही. मला तेव्हा त्यांच्या बोलण्याचं फारसं काही वाटलं नाही. बस हलत होती, मला झोप येत होती.

बाळ्या गेला त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. तू नर्स असून तुझ्या हातातून तो गेला, त्यावर मी काय लिहिणार? त्यानंतरच्या रोझरीबद्दल, आपल्या संध्याकाळच्या जपमाळेबद्दल, मात्र लिहिते. घरात प्रार्थना रोज व्हायची, पण देवाच्या इच्छेप्रमाणे होऊ दे असं जिथे म्हणायचं असतं, तिथे हे थांबायचे. ओठ मिटून. ते थांबले की माझाही आवाज जायचा. उरलेली प्रार्थना आम्ही तशीच पुढे ढकलायचो. जन्मभर देवाचं करणारा माणूस, पण त्या ओळीला जीभ वळेना. फादरांना त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की खोटं बोलण्यापेक्षा गप्प बसतो. कितीतरी महिने असे गेले. मग एका संध्याकाळी तू ती ओळ एकटीने म्हटलीस. मोठ्याने नाही, पण शेवटपर्यंत. हे तुझ्याकडे बघतच राहिले. रात्री मला म्हणाले, आपल्यापेक्षा तिचं जास्त गेलंय आणि ती म्हणते. दुसऱ्या दिवशीपासून तेही म्हणायला लागले.

तू आम्हाला सोडून गेली नाहीस. तुझ्या माहेरचे न्यायला आले तेव्हा तू म्हणालीस, इथेच बरं आहे. मोठ्या हॉस्पिटलात बढती मिळाली, त्या गावात खोली घ्यावी लागली, तरी सुट्टी मिळाली की बस पकडून इकडेच. ह्यांची नखं कापायची, औषधं लावून ठेवायची, पत्त्यांत मुद्दाम हरायचं. ह्यांच्या पायांतली ताकद गेली तेव्हा तुझ्याच हॉस्पिटलात उपचार झाले, आणि ने-आण करायला तो ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर यायचा.

आता त्याच्याबद्दल. ह्यांना खुर्चीत बसवून तो जिना चढायचा तेव्हा दर वळणावर थांबून विचारायचा, ठीक आहे ना बाबा? आणि नेहमी उजव्या बाजूने विचारायचा. एकदा सांगितलं होतं त्याला, पुन्हा सांगावं लागलं नाही. हे सगळं बघत असायचे. तू आणि तो जिन्यात उभं राहून स्ट्रेचरबद्दल बोलत होतात, आणि तू हसलीस. खूप दिवसांनी तुझं तसलं हसणं वर ऐकू आलं. मी चहा गाळत होते, माझा हात थांबला. एका कानाच्या माणसालाही ते ऐकू आलं होतं.

त्यानंतर त्यांनी चालायचा हट्ट धरला. पलंगापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, भिंतीला हात लावत, कपाळावर घाम. तुला त्यांनी सांगितलं की चर्चच्या पायऱ्या चढायच्या आहेत. मलाही तेच वाटलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी वॉकर आणून दिला तर तो कोपऱ्यात ढकलून दिला. मी चिडले, पडलात तर उचलणार कोण? तेव्हा म्हणाले, वॉकर घेऊन कुणी मुलीला वेदीपर्यंत नेतं का?

मला कळायला वेळ लागला. लग्नात तुझा हात धरून तुला वेदीपर्यंत न्यायचं आणि त्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचं, हे त्यांच्या मनात आहे असं कळलं तेव्हा मी त्यांच्याशी बोलेना. माझा मुलगा गेला, आता सूनही द्यायची? आणि तो आपल्या धर्माचाही नाही, तेही बोलून दाखवलं. मला वाटलं होतं निदान त्यावर तरी ते मागे हटतील. पण म्हणाले, लंबू तरी कुठे होता? पाण्यात माझा दंड धरला तेव्हा मी विचारलं नाही, तू कुणाची प्रार्थना करतोस म्हणून. मग हळू आवाजात म्हणाले, आपल्या घरात एका खुर्चीचं टेबल नको. फादर आजाऱ्याच्या कपाळाला पवित्र तेल लावायला आले तेव्हा त्यांच्याशीही बोलले. फादर म्हणाले, बिशपांची परवानगी घेऊन असं लग्न चर्चमध्ये लागतं. ह्यांनी डोळे मिटून मान हलवली. तुला मात्र काही सांगायचं नाही अशी मला ताकीद होती. म्हणाले, ती स्वतः बोलेल तेव्हाच, तोवर मी चालायला शिकतो.

ते दारापर्यंत पोचायला लागले होते गं. त्या सकाळीही पोचले. परत येऊन पलंगावर बसले, जरा दम खाऊ दे म्हणाले आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आधी मला वाटलं झोप लागली.

आणि काल तू फोनवर म्हणालीस की राजीनामा लिहून ठेवला आहे, आता कायमची माझ्याजवळ राहायला येतेस. शिवाय त्या ड्रायव्हरबद्दल म्हणालीस, त्यांनी लग्नाचं विचारलं होतं, मी नाही म्हणून सांगितलंय आई, तुम्ही काळजी करू नका. पोरी, ते ऐकून मी फोन ठेवला तो रडण्यासाठी नाही, मला खूप राग आला म्हणून. राजीनामा फाडून टाक. मला तुझी गरज आहे, एकटीला घर खायला उठतं, हे खोटं कशाला सांगू? पण माझ्यासाठी तू इथे येऊन बसलीस तर मी ह्यांना काय तोंड दाखवू? त्या ड्रायव्हरला सांग की म्हातारीने बोलावलं आहे, आणि येत्या सुट्टीला दोघंही जेवायला या. फादरांशी मी परवाच बोलून घेतलं आहे. लग्नाच्या दिवशी तुझा हात धरायला ते नसतील, मी असेन. माझे गुडघे धड नाहीत, वेळ लागेल, लोकांना ताटकळावं लागेल. लागू दे. हळूहळू जाऊ आपण दोघी.

तुझीच,
आई