जिन्यात टेकलेलं दार

चिरंजीव,

फ्रिजमधली अंडी शोधू नकोस. सगळी उकडून मी डब्यात घालून आपल्या दारं बनवायच्या कारखान्यात नेली आहेत. तुझी डंबेल्सही नेली आहेत. पलंगाखाली ती नुसती धूळ खात होती, त्यापेक्षा माझ्या हातात बरी.

काल गिऱ्हाईकाच्या जिन्यातून नवं दार वर नेताना माझ्या हातून त्याचं टोक खाली टेकलं, तेव्हा तू गिऱ्हाईकासमोर म्हणालास, "बाबा आता शोभेपुरते. सोमवारपासून नवा गडी येईल." सगळे हसले. मीही हसलो, आणि तिथून थेट डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्या म्हणाल्या, "काका, उतारवयात तेवढ्याच अन्नातून पूर्वीइतका स्नायू बनत नाही. प्रथिनं उलट जास्त हवीत आणि वजनंही उचलायला हवीत." आणि तू मला 'या वयात हलकंच बरं' म्हणून चहा-बिस्किटांवर झोपवतोस, माझ्या ताटातलं अंडंही उचलतोस! सूनबाईचा दोष नाही, ती बिचारी तुझं ऐकते.

पुरुषाच्या स्नायूंची ही झीज चाळिशीच्या आसपासच सुरू होते म्हणे. तुझी चाळिशी कधीच उलटली.

कारखान्याची किल्ली माझ्याकडे आहे. नव्या गड्याला नको म्हणून कळव, माझी जागा रिकामी नाही. चार महिन्यांनी त्याच गिऱ्हाईकाच्या जिन्यात दाराचं एक टोक तू धर, एक मी धरतो. आधी कोण टेकवतो ते लोकांना बघू दे.

तुझी आई म्हणते, लेकराला क्षमा करा. क्षमा करणं देवाचं काम आहे, त्याच्या कामात मी लुडबुड करत नाही.

तुझा बाप