तुकडा तपासल्याशिवाय नको

युसूफ वडगाव, ता. केज
मंगळवार, ६ जानेवारी २००४

चि. द्वारकास,

तुझ्या कौशल्या आजीचे आशीर्वाद. जावई उत्तरेश्वररावांना रामराम सांग, आणि दोन्ही लेकरांच्या डोक्यावरून माझ्या नावानं हात फिरव. इकडे सर्व ठीक आहे. हे शेवटचं वाक्य सुंदररावानं मला न विचारता लिहिलं. तो सगळ्यांच्याच पत्रात लिहितो, म्हणून असू दे.

आपल्या सोसायटीचा सचिव सुंदरराव लिहून देतोय. औंदा कुणी पेरलंच नाही, म्हणून कर्ज मागायला कुणी येत नाही. नुसता खुर्ची गरम करत बसतो. मी म्हटलं, "बाबा, तुजी शाई वाळून चाललीय, माजं पत्र लिही." पण मी 'लई' म्हटलं की हा 'फार' लिहितो. कागदाला शोभत नाही म्हणे. जिथं 'लई' दिसेल तिथं मी भांडून लिहायला लावलं असं समज.

टँकर तिसऱ्या दिवशी येतो. माणशी दोन घागरी, त्याही नशीब असेल तर. कारखान्यानं गुरांची छावणी उघडली, आपला बैल तिथं बांधलाय. त्याच्या बरगड्या मोजता येतात. शेजारची चंद्रभागाबाई आणि मी पाळीपाळीनं जातो.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. ते पण सुंदररावानंच वाचलं. 'पिशवी' हा शब्द आला तसा खोकायला लागला, कान लाल. मी म्हटलं, "वाच की रे. तू काय बांधावर उगवलतास व्हय?" मग वाचलं बिचाऱ्यानं.

तू लिहितेस, अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. त्या मोठ्या पाटीवाल्या डॉक्टरनं पोटावर मशीन फिरवलं आणि सांगितलं, पिशवी खराब झाली, ठेवलीस तर कॅन्सर होईल, काढून टाक. वीस तारीख दिली. तुमच्या ऊसतोड टोळीचा आसाराम मुकादम बारा हजार द्यायला तयार आहे, पुढच्या वर्षाच्या उचलीत धरून. पंधरा दिवसांची सुट्टी पण देतो म्हणाला. वर म्हणाला, पिशवी गेली की महिन्याची कटकट गेली, खाडा न्हाई, दंड न्हाई. आणि मी तिकडं सांगलीकडं येऊन पंधरा दिवस लेकरं सांभाळावीत.

पोरी, तू सव्वीस वर्षांची आहेस गं.

मला येता येणार नाही. बैल आहे, टँकर आहे. आणिक पण आहे, पण ते राहू दे.

तुला चंद्रभागाबाईचं सांगते. तिचं अंगावरचं बंद होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. श्रावणात पुन्हा लाल दिसलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. एरवी कुणाला कळलं पण नसतं, पण औंदा दोन घागरीत प्यायचं का कपडे धुवायचे? लपवाछपवी करायला पाणी लागतं बाई. चार महिने तिनं फडकी राखेत पुरली. मग देवीला जाते म्हणून घरातून निघाली आणि अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात जाऊन रांगेत बसली. एकटीच.

तिथं लेकीच्या वयाची डॉक्टरीण. तिनं आतून तपासलं, ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढला, बाटलीत घातला, वर नाव लिहिलं. म्हणाली, दहा दिवसांनी या. चंद्रभागाबाई म्हणाली, "बाई, आत्ताच सांगा की, काय दिसतंय ते." तर ती म्हणाली, "आजी, तुकडा तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही. कुणी बोलला तर विश्वास ठेवू नका."

ते दहा दिवस कसे गेले ते मी सांगत नाही. भाकरी तोंडात फिरते आणि खाली जात नाही.

काल सोमवारी जाऊन आली. तिनं तुझंही विचारलं तिथं. डॉक्टरीण म्हणाली, उसाच्या फडात ना आडोसा, ना स्वच्छ पाणी, त्यानं कितीतरी बायांना पांढरं जातं, त्यातल्या बहुतेकींचं गोळ्यांनी थांबतं. नुसतं वरून मशीन फिरवून सव्वीस वर्षांच्या पोरीची पिशवी काढायची नसते. तिला इथं घेऊन या.

आपल्या गल्लीतली छबुबाई आठव. तिची त्याच पाटीवाल्यानं काढली. आता तिशीतच कंबर धरून उठते, मोळी डोक्यावर चढत नाही. नवराबायको मिळून एक कोयता, त्यातलं एक पातं असं झालं तर खाडे वाचले कुठं? मुकादमानं दुसऱ्या वर्षी त्यांना घेतलंच नाही.

चंद्रभागाबाईच्या तुकड्यात काय निघालं ते नंतर सांगीन. टँकरचा भोंगा वाजतोय. उठते.

बुधवार, ७ जानेवारी

द्वारके, पत्र कालच जायचं होतं. सुंदररावानं टाकलं नाही.

काल सांजच्याला हा छावणीकडं गेला, तर चंद्रभागाबाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन तरातरा चाललेली. यानं विचारलं, "काकू, तब्येत कशी हाय?" ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" आज सकाळी मी आले तर यानं पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "कौशल्याकाकू, खोटं लिवलेलं मी टाकणार न्हाई. तुकडा कुणाचा?"

मी त्याला लई शिव्या दिल्या. त्या त्यानं लिहिल्या नाहीत.

मग म्हटलं, लिही. जिथं जिथं चंद्रभागाबाई लिहिलंस, तिथं मी आहे.

माझ्या तुकड्यात तेच निघालं. डॉक्टरणीनं बार्शीच्या कॅन्सरच्या दवाखान्यात जा म्हणून कागद दिला. आपल्याकडं बार्शी म्हटलं की पुढं विचारायचं काही राहत नाही, ते तुला ठाऊक आहे. एसटीत शेजारणीनं विचारलं, "कुठं चाललाव?" मी म्हटलं, घरी.

तुला का सांगितलं नाही? मला वाटलं, आजीला झालं हे कळलं की तू म्हणशील, आपल्या घराण्यातच हाय, आणि वीस तारखेची वाट न बघता त्या पाटीखाली जाऊन झोपशील. मी डॉक्टरणीला हे पण विचारलं. ती म्हणाली, हा असा आईकडून लेकीकडं येत नाही, आजी. तरी मला धीर झाला नाही. माझ्या रोगाचं नाव ऐकून तुझी चांगली पिशवी जायची, या भीतीनं मी दुसऱ्या बाईच्या अंगावर रोग ढकलला. चंद्रभागाबाईला कळलं तर ती मला बार्शीच्या आधीच पोचवेल.

बार्शीला पंचवीस दिवस लाईट, म्हणजे मशीनचे किरण, द्यायचे म्हणाले. आता गेलात तर बरं व्हायची आशा आहे, पावसाळ्यापर्यंत थांबलात तर सांगता येत नाही. माझं गरिबीचं पिवळं रेशनकार्ड आहे, लाईटचे पैसे फारसे पडायचे नाहीत. पण जवळ बसणाऱ्या माणसाला कुठलं कार्ड? त्याचं गाडीभाडं, त्याची भाकरी, त्याचा बुडालेला रोज. माझ्याजवळ बसणारं माणूस एकच, ते फडात ऊस तोडतंय. तू आलीस की कोयता मोडला, रोजचा खाडा. म्हणून ठरवलं होतं की जायचं नाही आणि सांगायचं नाही.

सुंदररावानं लेखणी खाली ठेवलीय. उचल रे. तुला काय झालंय रडायला?

द्वारके, सगळ्यांना वाटतं ही म्हातारी कशालाच भीत नाही. सोमवारपासून मी फडकं बघताना डोळे मिटून घेते. बघितलं नाही तर नसेल, असं काहीतरी. त्या डॉक्टरनं तुला भीती विकली बारा हजाराला. मला माझी फुकट मिळाली, पण ती खरी आहे.

आता नीट ऐक. हे उत्तरेश्वररावांना पण वाचून दाखव, मी लाजणार नाही.

बारा हजार हातात घेऊ नको. घेतलेस की पुढचं वर्षही आसारामाचं झालं, पिशवी असो का नसो. कापायला पंधरा दिवस देतोय ना तो? तेच पंधरा दिवस माग. देत नसला तर दंड धरू दे. लेकरं घेऊन ये. सोमवारी, १९ तारखेला, मी अंबाजोगाईच्या स्टँडवर सकाळपासून उभी राहते. आधी तुला त्या डॉक्टरणीला दाखवायचं. तुझ्यात वाईट काही निघालं, तर मी स्वतः म्हणीन काढ, आणि तुझी लेकरं मांडीवर घेऊन बसेन. गोळ्यांवर भागलं, तर तिथूनच मला बार्शीला ने. तुझे पंधरा दिवस संपले की पुढं सुंदरराव म्हणतो, काकू, मी येतो बसायला. त्याला कागदावरची कामं जमतात, बाकी बघू.

आणि तू त्या पाटीखाली झोपलीस, तर मी बार्शीला जाणार नाही. ही चेष्टा नाही पोरी. माझ्याजवळ गहाण घालायला कारखान्याचा शेर नाही, सोनं नाही. घालायला मी एवढीच आहे, ती मी तुझ्या पिशवीपुढं घातली. असं बोलणं चांगलं नाही, कळतंय मला. पण तुला थांबवायला दुसरं काही सापडत नाही, आणि दिवस तेरा उरलेत.

दोनच्या गाडीपर्यंत उभी राहीन. मग वडगावची गाडी धरीन.

सुंदररावानं अंगठ्याला शाई लावलीय. हात हलला, ठसा फरकटला. दुसरा उठव म्हणतो. नको, हाच राहू दे, तुला दिसू दे.

लई भ्यालेली,
तुझी आजी
कौशल्याबाई
निशाणी डाव्या हाताचा अंगठा