पाठदुखीची पैज

कर्जत,
१७ डिसेंबर २०२४

चि. विनितास अनेक आशीर्वाद.

आम्ही इथे मजेत. आम्ही म्हणजे मी एकटीच गं, पण शाळेतल्या बाईपणाची सवय निवृत्त झाले तरी जात नाही. फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि नणंदेला गप्प बस म्हणायची माझी अजूनही छाती होत नाही.

पहिली बातमी, माझी पाठ सुधारली. गणपतीत पाटावरून उठताना तुझा खांदा धरत होते ना, काल ओट्याखालचं पातेलं वाकून स्वतः काढलं.

त्यामागे एक गंमत आहे. कमरेचा एमआरआय दाखवायला डॉक्टरांकडे गेले, तर शेजारी एक गृहस्थ तसाच लांबलचक लिफाफा मांडीवर घेऊन बसलेले. हिरामणराव, खालापूरकडचे. जन्मभर भातशेती केली, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, आता इथे मुलाकडे, जितेशकडे असतात. दोघांच्याही मणक्यांच्या हाडात सारखाच बदल निघाला. जितेशने मोबाईलवर वाचलं होतं की अशा हाडात जंतू असतात, महिनोन्महिने अँटिबायोटिक घेतलं की दुखणं जातं. मुंबईच्या कुणा डॉक्टरने त्यांना ते लिहूनही दिलं होतं. आपले डॉक्टर मात्र मला नाही म्हणाले. पुरावा भक्कम नाही, पोट बिघडेल, आणि उगाच घेतलेली ही औषधं पुढे गरजेला लागू पडतीलच असं नाही. रोज चाला, व्यायाम करा, म्हणाले. मी फणफणतच बाहेर आले. एवढी फी देऊन चालायला सांगतात.

हिरामणराव म्हणाले, मग पैज लावू. त्यांनी गोळ्या घ्यायच्या, मी घ्यायच्या नाहीत, चालायचं मात्र दोघांनी. दर रविवारी नदीच्या पुलापाशी उभ्याने वाकून बुटाची नाडी बांधायची. ज्याला आधी जमेल त्याला दुसऱ्याने भजी खिलवायची.

सुरुवातीला दोघांचेही हात गुडघ्यापर्यंत पोचेनात. येणारे-जाणारे हसायचे. मग घोट्यापर्यंत पोचलो, तेही बरोबरीने. गेल्या रविवारी मी नाडी बांधली, ते जेमतेम बोटभर मागे. मी चिडवलं, एवढ्या गोळ्या खाऊन हरलात की हो. तर ते नजर चुकवत म्हणाले,

"बाई, गोळ्या मी कवाच सोडल्या. पोट पार बिघडलं व्हतं. पन सांगितलं असतं तर तुमी पैज मोडली म्हनून घरी बसला असता."

मला राग यायला हवा होता. हसूच आलं, ते थांबेना. दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी आधी न सांगता औषध बंद केल्याबद्दल झापलं, मग म्हणाले, तुमच्या दोघांच्या पैजेवरून काहीच सिद्ध होत नाही. परदेशात खऱ्या आणि खोट्या गोळ्या देऊन नीट चाचणी झाली आहे, त्यात फरक नाममात्र निघाला. चालत राहा.

बाहेर आल्यावर हिरामणराव म्हणाले, "पाठ बरी झाली. आता कंच्या निमित्तानं बोलवू तुमाला? लग्न कराल का माज्याशी?"

विनिता, खाली बस आणि पाणी पी.

मी तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही, नणंदेला सांगते आधी, म्हटलं. मला मूल नाही. तुझे दादा गेल्यावर माझं सासर-माहेर सगळं तूच. दादांना मी विसरले नाही. हिरामणरावांना त्यांच्या इतक्या गोष्टी सांगितल्यात की ते आता दादांना ओळखत असल्यासारखे बोलतात. पण संध्याकाळी एकटीने जेवायचा मला कंटाळा आलाय गं. हे तुला आजवर बोलले नव्हते, तू धावत आली असतीस म्हणून.

कोण कुठला शेतकरी, लोक काय म्हणतील, या वयात हे काय, हे सगळं मनात म्हणून घे. मीही म्हणून झालंय. तू नाही म्हणालीस तर मी रडेन, आणि खरं सांगते, रडून झालं की लग्न करीन. एवढं मात्र तुला विचारल्याशिवाय मला ठरवता येईना, की त्यानंतर तू मला हाक कशी मारशील. नावाने मारलीस तर मला सोसायचं नाही.

उत्तर देऊ नकोस, सरळ ये.

तुझी, दादांच्या वेळी होते तीच,
अनसूयावहिनी