कारभारीनगर का उठलं

केडगाव,
मंगळवार, दुपारची भांडी झाल्यावर

तीर्थस्वरूप कारभारी भाऊजी यांना धाकट्या भावजयीचा, म्हणजे मनकर्णाचा, वाकून नमस्कार. (पदर डोक्यावर घेऊनच लिहिते आहे. इथं बघायला कोणी नाही, पण तुमचं नाव लिहिलं की हात आपोआप पदराकडे जातो.) आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. तुमच्या धाकट्या बंधूंचं, म्हणजे आमच्या ह्यांचं, निवृत्तीनंतर वजन वाढलं आहे आणि बोलणं आणखी कमी झालं आहे. काळी गाय, तुमचा गुडघा आणि जाऊबाईंची शुगर कशी आहे ते कळवावं. तुम्हाला ज्याची काळजी जास्त त्या क्रमानं विचारलं आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण असं, की फोनवर तुम्ही "हां, मनकर्णा" म्हणता, तुमचं सांगता आणि "ठिवतो" म्हणून ठेवून देता. पत्राला मधे थांबवता येत नाही. तेव्हा चहा मागवून निवांत वाचा, कारण विषय तुमचाच आहे. गावात सरपंचपद पुन्हा महिलेसाठी राखीव निघालं, तुमची सून ज्ञानेश्वरी काही केल्या उभी राहायला तयार होईना, म्हणून तुम्ही तिला हवापालटाच्या नावाखाली माझ्याकडे धाडलंत आणि मला बजावलंत, की तूही एकदा सरपंच होतीस, तुझं ती ऐकेल, तिला वळवूनच पाठव. (आपल्या देवळालीहून केडगावात कसली हवा पालटते ते तुम्हालाच ठाऊक. इथं हायवेची धूळ आहे.) तर भाऊजी, वळवण्याचं काम झालं आहे. पण ते कसं झालं हे सांगायला मला आमच्या अमृतच्या कम्प्युटरपासून सुरुवात करावी लागेल.

अमृत बंगळूरला नोकरीला गेला तेव्हा कम्प्युटर मधल्या खोलीत ठेवून गेला. मी त्यावर जुनं पातळ टाकून ठेवलं होतं. दिवाळीला आला तेव्हा त्यानं ते काढलं, त्यात गाव वसवायचा एक खेळ घालून दिला आणि म्हणाला, आई, तू सरपंच होतीस, तुला सहज जमेल. (लेकराला काय माहीत, मला काय जमत होतं ते. तेव्हा तो वसतिगृहात होता.) खेळ असा, की नदीकाठची मोकळी जमीन मिळते, शेजारून एक मोठा रस्ता जात असतो, आणि बाकी सगळं तुमच्यावर. रस्ते तुम्ही आखायचे, वीज-पाणी तुम्ही आणायचं, आणि घरं कुठं, दुकानं कुठं, कारखाने कुठं हे रंग लावून दाखवायचं. घर तुम्ही बांधायचं नसतं. तुम्ही नुसती जागा हिरवी करायची, माणसं आपणहून येतात. मी पहिली गल्ली आखली, दोन्ही कडांना हिरवा रंग लावला आणि हात मांडीवर ठेवून बसले. थोड्या वेळानं मोठ्या रस्त्यावरून सामानानं भरलेला एक टेम्पो आला. माझ्या रस्त्याला वळला. माझ्या गल्लीत थांबला, आणि तिथं घर उभं राहायला लागलं. भाऊजी, माझ्या अंगावर काटा आला. पाठोपाठ दुसरा टेम्पो, तिसरा टेम्पो. एकानंही मला विचारलं नाही, की बाई, घरात कोणी मोठं माणूस आहे का, त्यांच्याशी बोलू. मी म्हटलं इथं राहा, आणि ती राहिली.

गावाला नाव काय, असं खेळानं आधीच विचारलं होतं. मी अगदी आदरानं 'कारभारीनगर' असं दिलं. पहिली अडचण आली ती एका पडक्या शेडची. ती रस्त्यात येत होती. पाडायला गेले तर खेळानं विचारलं, नक्की पाडायची का? खाली दोन चौकोन, एक होचा, एक नाहीचा. आणि मी काय केलं असेल? मी मान डावीकडे वळवली, तुमच्या खुर्चीकडे. आमच्याकडे डावीकडे शिलाई मशीन आहे. मी बराच वेळ त्या मशीनच्या तोंडाकडे बघत बसले, ते काही बोलेना. शेवटी धाडस करून होचा चौकोन दाबला. शेड पडली, आभाळ जागेवरच होतं. त्या दिवशी मी ह्यांना दुपारी शिरा करून घातला. कशाबद्दल ते त्यांनी विचारलं नाही.

तुमची खुर्ची आठवली आणि सगळंच आठवलं. पंचायतीत टेबलामागे दोन खुर्च्या होत्या, मधली माझी आणि तिच्या डाव्या हाताची तुमची. पण थोरल्या दिरासमोर खुर्चीत बसायचं नाही ही आपल्या घरची रीत. त्यामुळं तुम्ही तुमच्या खुर्चीत, आणि माझ्या खुर्चीत माझी पिशवी, आणि मी पदर घेऊन बाजूला उभी. "तू फकस्त सही कर, मनकर्णा. बाकीचं आमी बघतो." तुम्ही म्हणायचात, मी करायची. पाच वर्षं गावाचा कारभार मी उभ्यानं केला, म्हणजे कारभार कारभारींनी केला आणि मी उभी राहिले. तुमचं नाव ठेवणाऱ्या आत्याबाईंना दूरचं दिसत असलं पाहिजे. हिवरे बाजारला अभ्यास दौरा गेला तेव्हाही तुम्ही सगळ्या सदस्यांना घेऊन गेलात, आणि सरपंचांना डबे भरायला घरी ठेवलंत. (गावानं पाणी कसं अडवलं हे तुम्ही आल्यावर सांगाल म्हणून मी जागी राहिले होते. तुम्ही सांगितलंत, की पिठलं खारट झालं होतं.) मी हे रागानं लिहीत नाही. राग तेव्हा आला असता तर बरं झालं असतं.

असो. रस्त्यांकडे येते. आपल्या शाळेचा रस्ता मी सही केली तेव्हा सरळ होता, झाला तेव्हा तुमच्या गोठ्याला वळसा घालून गेला. कारभारीनगरात मी सरळ रेघ ओढली आणि रस्ता दुसऱ्या दिवशीही सरळच होता. मी पुन्हा पुन्हा जाऊन बघितलं. पण या सरळपणाचाही एक ताप असतो, हे मला माहीत नव्हतं. सगळ्या गाड्या त्या एकाच रस्त्यानं, त्यातही एकाच बाजूनं, एकामागे एक. गळीत हंगामात कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॉल्या लागतात तशी रांग, पार मोठ्या रस्त्यापर्यंत. अग्निशामक गाडी त्या रांगेत, शववाहिका त्या रांगेत, आणि एका घरात बिचारा म्हातारा जाऊन पडलेला, त्याच्या छपरावर कवटीचं चिन्ह. मी स्क्रीनसमोर हात जोडून त्या ट्रकवाल्यांना सांगत होते, की बाबांनो, शेजारची लेन मोकळी आहे. आमचे हे दारात येऊन बघून गेले आणि म्हणाले, "लई झालं आता. जेवायला वाढतीस का?" त्या आठवड्यातलं त्यांचं हे सर्वांत मोठं भाषण.

आता कारभारीनगर का उठलं ते सांगते. या खेळात नळाला चोवीस तास पाणी असतं. मला ते बघवेना. आपण दिवसाआड पाण्यावर वाढलेली माणसं, तांदळाचं धुवण तुळशीला घालतो. चोवीस तास पाणी म्हटल्यावर लोक ओटे धुणार, गाड्या धुणार, नळ वाहते ठेवून गप्पा मारणार. तेव्हा मी पाटाच्या आवर्तनासारखी पाळी लावली. एक दिवस पंप चालू, एक दिवस बंद. लगेच घराघरांवर निळ्या थेंबाची चिन्हं उमटली. मी म्हटलं, आता हंडा मोर्चा येणार. माझं उत्तर तयार होतं. (तेच, जे तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं, की वरून मंजुरी आली की पाणी येईल, तोवर धीर धरावा.) मी वाट बघितली. मोर्चा आला नाही. कुणी रिकामा हंडा आपटला नाही, कुणी पंचायतीला कुलूप लावलं नाही, कुणी मला शिवीसुद्धा दिली नाही. घरापुढे टेम्पो लागले, सामान चढलं आणि ती माणसं मोठ्या रस्त्यानं निघून गेली. पहिल्या गल्लीतलं ते पहिलं घर, ज्याच्यासाठी माझ्या अंगावर काटा आला होता, तेही गेलं. मी घाईनं पंप चालू केला. आता पाणी चोवीस तास होतं आणि प्यायला कोणी नव्हतं. भाऊजी, मी त्या ओस गावाकडे बघून रडले. भांडायला येणारा माणूस राहायचं असतं म्हणून भांडतो, हे मला इतक्या उशिरा कळलं.

मी दुसरं गाव वसवायला घेतलं आणि त्याच सुमाराला तुम्ही ज्ञानेश्वरीला पाठवलंत. तुमच्या आज्ञेप्रमाणे पहिल्या संध्याकाळी मी तिला समजावलं. घराण्याचा मान, गावाचा विश्वास, सगळं सांगितलं. तिनं मान हलवली. तिनं एकाही गोष्टीवर वाद घातला नाही. भाजी निवडली, भाकरी केल्या, आणि दुसऱ्या दिवशी मला सहज विचारल्यासारखं विचारलं, की काकी, केडगावात दोन खोल्यांना भाडं काय पडतं? मी तिच्या डोक्याकडे बघितलं, आणि देवाशपथ सांगते, मला तिथं निळा थेंब दिसला. तुम्ही फोनवर म्हणाला होतात, की पोरगी मुकाट्यानं ऐकून घेते, म्हणजे निम्मी वळलीच. भाऊजी, मुकाट्यानं ऐकणारीच टेम्पो भरतात. तिच्या मागोमाग तिचा नवरा, तुमचा बिभीषणही येईल, आणि मग एवढ्या मोठ्या घरात तुम्ही, जाऊबाई आणि काळी गाय.

मी समजावणं बंद केलं आणि तिला कम्प्युटरसमोर बसवलं. तिनं आधी गल्ली आखली, मग पाणी दिलं, आणि टेम्पो येताना बघून तोंडावर हात ठेवला. पुढं एका जागी शाळा की दवाखाना असा प्रश्न आला. तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"काकी, हे कुनालाच इचारायचं नसतं व्हय?"

मी नाही म्हटलं. तिनं शाळा ठेवली. त्या गावात दिवस मावळला, रस्त्यावरचे दिवे एकेक लागत गेले, खिडक्या उजळल्या, आणि आम्ही दोघी बघत राहिलो. एवढी माणसं आपल्या भरवशावर जेवत असतील, झोपत असतील, हे बघताना मला जे वाटलं ते मला त्या पाच वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. मी तेव्हाही गावाची सरपंच होते, भाऊजी. मला हे कुणी सांगितलंच नाही.

शेवटी तीच म्हणाली, "मी उभी ऱ्हाते, काकी. पन निवडून आल्यावर बसनार."

तेव्हा काळजी नसावी. तुमची सून निवडणुकीला उभी राहते आहे. तिच्यासोबत हे पत्र आणि बेसनाचे लाडू पाठवत आहे. डबा परत पाठवावा. जाऊबाईंना नमस्कार, काळ्या गायीला माझ्याकडून पेंडीची मूठ.

तुमची आज्ञाधारक भावजय,
मनकर्णा

ता. क. एक सांगायचं राहिलं. ज्ञानेश्वरी रीतीभातीची मुलगी आहे. सासऱ्यासमोर सुनेनं खुर्चीत बसायचं नाही ही आपल्या घरची रीत ती मरेपर्यंत मोडणार नाही. आणि सरपंचाच्या खुर्चीत तर तिला रोज बसावं लागणार. तेव्हा रीत सांभाळायची तर तुम्ही पंचायतीत पाऊल टाकू नये, एवढाच मार्ग उरतो. घराण्याची रीत तुमच्याइतकी कोणाला प्यारी आहे?

आणखी ता. क. टेबलामागे खुर्ची एकच ठेवायची आहे. दुसरी तुम्ही गोठ्यात न्या, शाळेचा रस्ता तिथूनच जातो. तो मात्र ती सरळ करणार आहे.

शेवटचा ता. क. वरच्या दोन्ही ता. क.मधला मजकूर ज्ञानेश्वरीचा आहे. ती खुर्चीत बसून सांगत होती. मी फक्त खाली सही केली, आणि या कामाचा मला अनुभव आहे हे तुम्ही जाणताच.